चाळकेवाडीच्या वाऱ्याला डॅनिश मास्तर

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचा कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा 'विंड एनर्जी' (पवन ऊर्जा) हा कोर्स रात्रपाळी सांभाळून पुरा केला. वाऱ्याचा वेग 10 टक्के वाढला की त्यातली शक्ती 33 टक्क्यांनी वाढते, हे घनाचं गणित (शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते) आता डोक्यात पक्कं बसलंय. पुढच्या चक्कीनं वारा मंदावला की मागची कमी वीज देते. त्याचा हिशेब मांडणारं 1983 चं जेन्सन प्रारूपही डेन्मार्कच्याच रिसो प्रयोगशाळेतलं. तमिळनाडूतलं कायथरचं पवनचक्क्यांचं चाचणी केंद्रसुद्धा डॅनिश मदतीनंच उभं राहिलं. कोर्सचं इंग्रजी सोपं आहे, गणिताची मात्र उजळणी करून बसा. आयटीआयच्या पोरांसाठी हे मराठीत यायलाच हवं. पहिल्या धड्याच्या टिपा मी लिहायला घेतल्यात.