तीन फुटांवरचा चेंडू: टिळकवाडीतील सहा रविवारांचा वर्ग

नव्वद फटके आणि प्रत्येक फटक्याला दोन सेकंद, म्हणजे एकूण तीन मिनिटे. गोल्फच्या चार तासांच्या खेळात चेंडू मारण्यात जाणारा वेळ एवढाच; बाकीचा सारा वेळ चालण्यात, थांबण्यात आणि स्वतःशी वाद घालण्यात जातो. बारा वर्षे खेळूनही हे गणित मला कधी सुचले नव्हते. बेळगावच्या टिळकवाडीत एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी गोल्फ खेळणाऱ्यांसाठी मनाच्या तयारीचा जो सहा रविवारांचा वर्ग घेतला, त्यात त्यांनी ते पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडले, आणि साडेचार हजार रुपये शुल्काबद्दलची माझी शंका तिथेच निम्मी झाली.

आम्ही नऊ जण होतो. दोघे निपाणीहून पहाटे निघून येत, एक खानापूरचे. माझा हँडिकॅप २२ आहे, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा मला साधारण बावीस फटके जास्त लागतात, आणि माझे दुखणे जुनेच: लांबचे फटके बरे जातात, पण होलपासून, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्यापासून, तीन फुटांवर आलो की हात आखडतात. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा आणि होल १०८ मिलिमीटरचे, म्हणजे जागा अडीच पट असते. तरी त्या क्षणी होल वाटीएवढे दिसते.

त्यावर सरांनी दिलेला सराव या वर्गाचा गाभा आहे. होलभोवती तीन फुटांवर नऊ चेंडू गोलाकार ठेवायचे, एकामागून एक आत घालायचे आणि एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पहिले पाच सहज जातात. आठव्या चेंडूपाशी उभा राहिलो तेव्हा तळवे ओले झाले होते, चेंडूवरच्या खळग्याला चिकटलेला तांबड्या मातीचा कण मला स्पष्ट दिसत होता आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होते, ‘आता चुकू नकोस’. चेंडू होलच्या कडेवरून फिरून बाहेर आला. सर एवढेच म्हणाले, ‘तुम्ही होलकडे पाहिलेच नाही, तुम्ही चुकीकडे पाहत होता.’ मग त्यांनी क्रम बसवून घेतला: चेंडूच्या मागे उभे राहून रेषा ठरवायची, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, होलकडे एकदा नजर टाकायची आणि मग चेंडूच्या मागच्या कडेवर दृष्टी स्थिर ठेवून मारायचे, चेंडू गेल्यावरही नजर तिथेच राहिली पाहिजे. घाई असो वा नसो, हा क्रम बदलायचा नाही.

चौथ्या रविवारची चर्चाही मोलाची होती. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्ड तीन फटक्यांच्या आघाडीने शेवटच्या होलवर, म्हणजे खेळाच्या शेवटच्या टप्प्यावर, आला. सहा फटक्यांतही तो जिंकला असता, त्याला सात लागले, बरोबरी झाली आणि ती सोडवणाऱ्या जादा खेळात, प्लेऑफमध्ये, पॉल लॉरी विजेता ठरला. तो घाबरला, असे आम्ही सगळे म्हणालो. सरांनी मात्र एकेक फटका वेगळा काढून, निर्णय कुठे चुकला आणि हात कुठे चुकला, हे आमच्याकडूनच लिहून घेतले. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक फेरीनंतर वहीत हेच दोन रकाने भरतो आणि माझी बरीचशी चूक पहिल्या रकान्यात पडते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पुस्तिका पूर्ण इंग्रजीत होती आणि मराठी-कानडी बोलणाऱ्या आमच्या वर्गात ती वाचून दाखवण्यात एक अख्खा तास गेला. तो तास मैदानावर हवा होता. नऊ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सरावाची वेळही कमी आली; सहा जणांपुढे तुकडी नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ज्यांचा स्विंगच, म्हणजे काठी फिरवण्याची हालचालच, अजून बसलेला नाही, त्यांनी आधी तांत्रिक शिक्षण घ्यावे, कारण चुकीच्या हालचालीला शांत मनाचा उपयोग होत नाही.

माझ्या एकूण फटक्यांत फार मोठा फरक पडलेला नाही, फेरीमागे दोन-तीन फटके कमी झाले असतील. पण गेल्या महिन्यात पाचव्या होलवर दोन चेंडू पाण्यात गेले, तरी सहाव्या होलवर मी माझा नेहमीचा क्रम पूर्ण केला. माझी बॅग वाहणारे मामा, जे माझी चिडचिड इतकी वर्षे मुकाट्याने पाहत आले आहेत, ते म्हणाले, ‘साहेब, आज तुम्ही काठी आपटली नाही.’

पुढची तुकडी पावसाळा सरल्यावर सुरू होणार आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी आपल्या मागच्या चार-पाच फेऱ्यांची गुणपत्रके सोबत न्यावीत. पहिल्या दिवशी सर तीच मागतात.