‘एकदाच मारा, वर्षभर गोचीड नाही’ म्हणणाऱ्यांपासून सावध

एक विक्रेता गोचिडाच्या औषधाचे 5 लिटरचे 2 कॅन आमच्या गळ्यात मारून गेला. वर पानाफुलांचं चित्र आणि “शंभर टक्के आयुर्वेदिक”. बॅच नंबर नाही, घटक नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही.

खटकायला हवं होतं ते बादलीतच. अमिट्राझ घ्या की डेल्टामेथ्रिन, गोठ्यात फवारायचं नेहमीचं औषध पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. इथे पाणी नितळ, वर तेलाचा तवंग, वास रॉकेलचा. विचारलं तर म्हणे, “केमिकल नाही ना, म्हणून!” आणि लगेच प्रात्यक्षिक. गाईच्या कासेला चोळलं, टपाटप गोचिडं खाली. कोणाचाही विश्वास बसला असता. पण पडल्या त्या रक्त पिऊन एरंडीएवढ्या टम्म झालेल्या माद्या. त्या पोट भरलं की आपणहूनच सुटतात. खाली पडून पाय हलवत होत्या, म्हणजे जिवंत! अशी एकेक मादी गव्हाणीच्या फटीत शिरून 2 ते 3 हजार अंडी घालते. अंगावर चिकटलेली बारीक गोचिडं मात्र जागची हलली नव्हती.

महिना होतो न होतो तोच कानात, शेपटीखाली, जांघेत पुन्हा तेच. विकणाऱ्याचा फोन बंद.

तक्रारीचं तर विचारूच नका. एक कार्यालय म्हणतं, जनावराचं औषध आमच्याकडे येत नाही. दुसरं म्हणतं, परवानाच नाही म्हणजे ते औषधच नाही, मग तक्रार कसली? पावती आणा. असला माणूस पक्की पावती देईल? नमुना म्हणे सीलबंद हवा. अहो, कॅन उघडल्याशिवाय भेसळ कळणार कशी?

खरं औषध मारायचं तर असं: अमिट्राझ 12.5 टक्के असेल तर लिटरभर पाण्याला 2 मिली. मोठ्या जनावराला निदान 3 लिटर द्रावण, अंग नीट भिजेपर्यंत. घोड्याला अमिट्राझ लावू नका. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, जखमेवर मारू नका, वाळेपर्यंत चाटू देऊ नका. भिंतीच्या, गव्हाणीच्या फटी सोडल्या तर सगळी मेहनत वाया. 2-3 आठवड्यांनी पुन्हा फवारणी लागतेच, म्हणून “एकदाच” ऐकलं की हाकलून द्या. गोचिडावरचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन डॉक्टरांशिवाय नको, दुभत्या जनावराला तर नाहीच. ते दुधात उतरतं.

बेनामी कॅनात शेतीचं विषारी कीटकनाशकही निघतं. लाळ गळू लागली, अंग थरथरलं तर जनावर भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरांना बोलवा आणि कॅन त्यांच्या हातात द्या. दुसरा कॅन असेल तर सील तोडू नका, नमुना म्हणून तोच लागेल.