पीओ की ग्रामीण बँकेचा ऑफिसर? दोन्हीकडे बसून आलेल्याचं मत

आयबीपीएस या बँकभरती घेणाऱ्या संस्थेच्या दोन्ही परीक्षा देणाऱ्यांपुढे मुलाखतीच्या सुमारास हा प्रश्न उभा राहतोच. राष्ट्रीयीकृत बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) व्हावं, की ग्रामीण बँकेत ऑफिसर स्केल-वन, म्हणजे पहिल्या श्रेणीचा अधिकारी? अभ्यासक्रम, कटऑफ, वयाची अट हे सगळं तुम्हाला तोंडपाठ असणार, त्यामुळे ते उगाळत बसत नाही. मी आधी पीओ होतो, आता ग्रामीण बँकेत आहे. म्हणजे माझं पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. पण पीओच घ्यावी असं ज्यांना मी सांगेन, अशी माणसंही आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

पैशाचं आधी उरकून घेऊ. ‘ग्रामीणमध्ये पगार कमी’ हे वाक्य अजून क्लासबाहेरच्या टपऱ्यांवर ऐकू येतं. ते जुन्या काळचं आहे. मूळ वेतनाची श्रेणी दोन्हीकडे सारखी, बाराव्या द्विपक्षीय (बँका आणि कर्मचारी संघटनांमधल्या) वेतन करारानंतर सुरुवातीचं बेसिक ४८,४८०. नव्याने लागणारा माणूस दोन्हीकडे एनपीएसमध्येच (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) जातो. फरक पडतो तो वरच्या सवलतींत. पीओला बँक भाड्याचं घर लीजवर घेऊन देते, आणि पोस्टिंग मुंबई-पुण्यात असेल तर ही रक्कम चांगलीच जाणवते. बढतीतही पीओची शिडी लांब आहे. ग्रामीण बँकेत तुम्ही जनरल मॅनेजरपर्यंत जाऊ शकता, चेअरमन मात्र प्रायोजक बँकेतून, म्हणजे जिच्या आधाराने ती ग्रामीण बँक चालते त्या मोठ्या बँकेतून येतो. मालकीच तशी आहे: केंद्राचा ५० टक्के, प्रायोजक बँकेचा ३५ आणि राज्याचा १५ टक्के हिस्सा. (हे आकडे मुलाखतीत हमखास विचारतात, इथेच पाठ करून टाका.)

एवढ्यावर निवड करायची तर पीओ सरळ पुढे आहे आणि हा लेख इथेच संपला असता.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीने छळलं. माझी पोस्टिंग आंध्रातल्या भुईमुगाच्या पट्ट्यात, एका मंडलाच्या गावी झाली. घरापासून लांब, जेवण वेगळं, ऊन भयंकर, हे सगळं सोसण्यासारखं होतं. लोक तर फारच चांगले होते. कागदही लवकर कळले. तिथलं अडंगल म्हणजे आपला सातबारा, वन-बी म्हणजे साधारण आपलं आठ-अ. सोनेतारणावर शेतीकर्ज देण्याची तिकडे मोठी पद्धत, तीही हातात बसली. बसलं नाही ते एकच. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं.

एखादा म्हातारा शेतकरी यायचा, माझ्या टेबलासमोर बसायचा आणि दहा मिनिटं बोलायचा. हातवारे करून, मधेच डोळे पुसून, मधेच हसून. बोलून झाल्यावर मी शाखेतल्या शिपायाकडे बघायचो. तो सांगायचा, ‘सर, रिन्युअल.’ म्हणजे कर्जाचं नूतनीकरण. बस्स. दहा मिनिटांचं एका शब्दात. पाऊस गेला का, पोराने पैसे उडवले का, सावकाराचंही देणं आहे का, जमिनीवर भावाभावांत वाद आहे का, ज्या ज्या गोष्टींवर कर्ज बुडणार की फिटणार हे ठरतं त्या सगळ्या त्या दहा मिनिटांत असणार. माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचायचं नाही. मंजुरीखाली सही मात्र माझी. शिपायाचा दोष नव्हता. त्याला त्याची कामं होती, शिवाय ग्राहक त्याच्याच गावचे, त्यामुळे काय सांगायचं आणि काय गाळायचं हे तो त्याच्या पद्धतीने ठरवत असणार. म्हणजे खरा अधिकारी कोण होता, हा प्रश्न मला रोज संध्याकाळी पडायचा.

नमस्कार, बसा, उद्या या, सही इथे करा, एवढं तेलुगू लवकर आलं. पण एवढ्यात काउंटर चालतो, कर्ज देता येत नाही. माझ्याबरोबर रुजू झालेला बिहारचा एक मुलगा मात्र बघता बघता भाषा शिकला आणि बाजारात भाजीवाल्याशी भावाची घासाघीस करू लागला. तेव्हा हे माणसावर आहे, हे मान्य. तुमचा कान तसा तयार असेल तर माझं गाऱ्हाणं तुमच्यासाठी अर्धंच खरं आहे. अर्धं अशासाठी, की अधिकाऱ्याची बदली ठरावीक काळाने होतेच, आणि भाषा अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्या राज्याचा आदेश येऊ शकतो.

ग्रामीण बँकेत आल्यावर काय बदललं, ते एका प्रसंगावरून सांगतो. बचत गटाच्या कर्जाची कागदपत्रं चालू होती. अध्यक्ष बाई सहीला वाकल्या आणि पेन हातात धरूनच म्हणाल्या, ‘सही करते हो, पण पैसं कुणाच्या हातात देणार तुम्ही?’ कुठल्याही फॉर्मवर हा रकाना नसतो. पण त्या एका वाक्यावरून गटात काय चाललंय ते कळलं. रक्कम गटाच्या खात्यातच जाईल आणि तिथून सगळ्या जणींच्या समोर वाटली जाईल, हे मी बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तेलुगूत हे मला जमलं नसतं. मला वाटतं, तालुक्याच्या गावात बसून कर्ज देणाऱ्या माणसाला भाषा लागते ती एवढ्यासाठीच.

याच्या उलटी बाजूही लपवत नाही. भाषा येते म्हणून नकारही पूर्ण वाक्यात द्यावा लागतो. तिकडे मी नुसती मान हलवली की काम भागायचं. इथे ‘साहेब, तुम्ही आपल्याकडचेच, तुम्हीच असं म्हणता?’ याला उत्तर द्यावं लागतं. मामाच्या गावच्या कुणाच्या तरी मेव्हण्याचा फोन येतो. वसुलीला गेलात की लोक चहा पाजतात आणि कर्जमाफीची तारीख विचारतात. २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांनंतर ही आशा कायमची रुजली आहे. निवडणूक जवळ आली की नियमित फेडणाराही हात आखडता घेतो. ग्रामीण भागातल्या शाखांत माणसं मोजकीच असतात, त्यामुळे कर्ज, कॅश, पासबुक, बँक मित्रांचे (गावोगावच्या बँक प्रतिनिधींचे) हिशेब, पडेल ते काम अधिकाऱ्याकडे येतं. आणि ‘घराजवळ राहू’ या हिशेबाने येणार असाल तर एक ध्यानात घ्या: १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण आणि महाराष्ट्र या दोन ग्रामीण बँका एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक ही एकच उरली आहे, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. कार्यक्षेत्र आता सिंधुदुर्गपासून गडचिरोलीपर्यंत अख्खं राज्य. लांब जावं लागू शकतं. पण जाल तिथे मराठी असेल. आता गडचिरोलीत गोंडी आणि नंदुरबारात भिलोरी असेल म्हणा, तरी मधला माणूस आपल्याला समजेल अशा भाषेत बोलेल.

मुलाखतीचं बघू, कारण तुमच्यापैकी बरेच जण तिथेच उभे असतील. दोन्हीकडे मुलाखत १०० गुणांची, आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचं प्रमाण ८०:२०. म्हणजे मुलाखतीतले पाच गुण यादीत एक गुण होऊन येतात. थोडे वाटतात, पण यादी दशांशावर हलते.

पीओच्या मुलाखतीत मला हिंदी-इंग्रजीत बोलावं लागलं. इंजिनिअरिंग करून बँकेत का, रेपो दर आता काय आहे, कर्ज एनपीए (म्हणजे अनुत्पादक, थकीत) कधी होतं, अग्रक्रम क्षेत्राचं, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशांना द्यायच्या कर्जाचं उद्दिष्ट किती. तयारी करता येते असे प्रश्न. नव्वद दिवस, चाळीस टक्के, असं म्हणत गेलात की निभतं. क्लासच्या मॉक मुलाखती इथे खरंच उपयोगी पडतात, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीत पहिली दोन वाक्यं न अडखळता बोलायची सवय लागते. त्यापलीकडे पुन्हा पुन्हा मॉक देऊन फार काही हाती लागत नाही, उलट सगळ्यांची उत्तरं एका साच्यातून काढल्यासारखी व्हायला लागतात.

ग्रामीणची मुलाखत वेगळीच निघाली. सुरुवात इंग्रजीत झाली, मग पॅनलवरच्या एकांनी मराठीत विचारलं, ‘सातबाऱ्यावर बँकेचा बोजा कुठे दिसतो?’ इतर हक्कात. ‘सातबारा असताना आठ-अ कशाला मागता?’ कारण सातबारा जमिनीच्या एका गट नंबराचा असतो, आणि आठ-अ वर त्या खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. ‘पिकाला एकरी किती कर्ज द्यायचं हे कोण ठरवतं?’ जिल्ह्याची तांत्रिक समिती. मग पीककर्ज एनपीए कधी होतं असं विचारलं, आणि इथे नव्वद दिवस म्हणणारा अडकतो: कमी मुदतीच्या पिकांसाठी थकबाकीचे दोन हंगाम धरतात. केंद्राच्या व्याज सवलतीनंतर वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत चार टक्के पडतं. मग आपल्याकडे शून्य टक्के कसं म्हणतात? उरलेलं व्याज राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून येतं म्हणून. बचत गटाची पंचसूत्री (गटाने पाळायचे पाच नियम), उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, तारण न घेता शेतीकर्ज किती देता येतं (जानेवारी २०२५ पासून दोन लाख), नाबार्डची स्थापना १९८२ ची, हेही याच पिशवीतलं.

यातलं बरंचसं पीडीएफमध्ये मिळेल. पण मुलाखत घेणाऱ्याला पाठ केलेलं लगेच कळतं, निदान माझ्या वेळच्या पॅनलला तरी कळत होतं. म्हणून सुचवतो, आठवड्याभरासाठी घरी जा. घरचा नाहीतर शेजाऱ्याचा सातबारा घ्या आणि रकाना न् रकाना वाचा, फेरफार क्रमांक कशाचे आहेत ते वडीलधाऱ्यांना विचारा. गावातल्या विकास सोसायटीच्या गटसचिवासमोर एक दुपार बसा. कर्ज कसं फिरतं, नवं-जुनं कसं होतं, हे तो जेवढ्या मोकळेपणाने सांगेल तेवढं कुठलाही सर सांगणार नाही. शहरात वाढलेल्यांना हे जड जाईल. त्यांनी लाजू नये, ‘शेतीशी माझा संबंध नाही, पण मी अमुक गावी जाऊन हे पाहिलं’ असं सरळ सांगावं. ते चालतं.

परीक्षेच्या भाषेतही असाच फरक आहे. ग्रामीण बँकांची परीक्षा २०१९ पासून मराठीतही देता येते आणि पूर्व परीक्षेत इंग्रजीचा विभागच नाही. पीओच्या पूर्व परीक्षेत तो १०० पैकी ३० गुणांचा आहे. इंग्रजी हा तुमचा हुकमी एक्का असेल तर पीओ, भीती असेल तर ग्रामीण, असा सोपा हिशेब बरेच जण करतात. मी तसा करू नका म्हणेन. परीक्षा एकदाच द्यायची असते, आणि पीओत भाषेचा प्रश्न परीक्षेनंतर सुरू होतो.

कागदपत्रांविषयी एक तातडीची सूचना, कारण यात दरवर्षी मुलं अडकतात. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. एमपीएससीसाठी काढलेलं राज्याचं इथे चालत नाही, आणि त्यावरची तारीखही कॉल लेटरमध्ये सांगितलेल्या मुदतीतली हवी. एसईबीसी (राज्याचा सामाजिक आणि शैक्षणिक मागास) हा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे ती मुलं इथे खुल्या किंवा पात्र असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटात येतात. तहसील कचेरीत हे सगळं ऐनवेळी होत नाही.

तर पीओ कुणी घ्यावी? परकीय चलन, मोठ्या उद्योगांची कर्जं, ट्रेझरी या कामांची ज्याला ओढ आहे त्याने, कारण ग्रामीण बँकेत ती वाटच नाही. ज्याचा जोडीदार बेंगळुरू किंवा दिल्लीत नोकरीला आहे त्याने. ज्याला गावकी, नातीगोती, ‘आपल्याकडचेच तुम्ही’ यापासून चार हात लांब राहायचंय त्यानेही. ही इच्छा अगदी रास्त आहे. आणि अर्थात, ज्याला नवी भाषा हा त्रास न वाटता मौज वाटते त्याने. ‘बँक ऑफ महाराष्ट्र पहिल्या पसंतीला टाकतो, म्हणजे इथेच राहीन’ म्हणणाऱ्यांनी मात्र नीट विचार करावा. तिच्या शाखा राज्यात भरपूर आहेत, शक्यता वाढते हे खरं. पण पीओची बदली देशभरात कुठेही होऊ शकते, ही अट तिथेही आहेच.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांना शाखेत बसून माणसांना कर्ज द्यायचंय आणि ते फिटताना बघायचंय त्यांनी, ग्रामीणचा कॉल दुय्यम समजू नये असं मला मनापासून वाटतं. दोन्ही निकालांचं वेळापत्रक वर्षागणिक मागेपुढे होतं, त्यामुळे पीओ आधी हातात आली तर रुजू व्हायला हरकत नाही. फक्त रुजू होताना अनेक बँका बाँड लिहून घेतात. त्याची रक्कम आणि मुदत वाचल्याशिवाय सही करू नका. आणि नोकरीत असताना ग्रामीणच्या मुलाखतीला जायचं असेल तर एनओसीचा (बँकेच्या ना हरकत पत्राचा) अर्ज लेखीचा निकाल लागताच द्या. तो प्रादेशिक कार्यालयातून फिरून येतो, आणि मुलाखतीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.