बीटल्सचा पूर्ण संच: स्टिरिओ घ्यावा की मोनो?

बीटल्सचं सगळं काम एकदाच घरात आणायचं ठरलं की गाडी या प्रश्नावर येऊन थांबते. स्टिरिओत आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटलेले असतात, मोनोत सगळे एकत्र ऐकू येतात. ९ सप्टेंबर २००९ रोजी दोन्ही बॉक्स सेट एकाच दिवशी आले. स्टिरिओत १६ सीडी आणि छोट्या माहितीपटांची एक डीव्हीडी, मोनोत १३ सीडी. आकड्यांवरून स्टिरिओ सरस वाटतो, आणि एका अर्थी तो आहेही: पहिल्या अल्बमपासून 'लेट इट बी'पर्यंत सगळं त्यात आहे. मोनो संच 'व्हाइट अल्बम'पाशी संपतो. 'ॲबी रोड' आणि 'लेट इट बी'चं मोनो मिक्स, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं जुळवून केलेलं अंतिम रूप, कधी झालंच नाही. 'यलो सबमरीन'मधली चार नवी गाणी तेवढी मोनो संचाच्या शेवटच्या दोन सीडींवर, सुट्या सिंगल्सच्या सोबतीला मिळतात.

तरीही माझं मत मोनोच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण साठच्या दशकातल्या कामाच्या पद्धतीत आहे. तेव्हा बहुतेक घरांत एकच स्पीकर असे, त्यामुळे मोनो मिक्स हेच खरं काम मानलं जाई. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिक्सला चौघेही जातीने लक्ष घालत होते. स्टिरिओ मिक्स नंतर, त्यांच्याशिवाय आणि बरंच भराभर उरकलं गेलं.

हा फरक कानाला सहज कळतो. 'शीज लीव्हिंग होम' स्टिरिओत संथ आहे. मोनोत ते अधिक वेगाने आणि जवळपास अर्धा स्वर वर वाजतं, आणि घर सोडून निघालेल्या त्या मुलीच्या गाण्याला एक हुरहुर, एक घाई येते. मी वर्षानुवर्षं स्टिरिओच ऐकत आलो होतो. मोनो पहिल्यांदा लावलं तेव्हा दुसऱ्याच ओळीला थांबून पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. त्याच अल्बममध्ये शीर्षकगीत शेवटी पुन्हा येतं, तिथे मोनोत पॉलचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. स्टिरिओत ते जवळजवळ बुडून गेलं आहे.

सुरुवातीच्या अल्बमचं तर विचारूच नका. पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' टेपच्या दोनच ट्रॅकवर, म्हणजे दोनच स्वतंत्र पट्ट्यांवर, रेकॉर्ड झालेला. स्टिरिओत एका कानात वाद्यं, दुसऱ्या कानात आवाज. हेडफोन लावून पाच गाणी ऐकली की डोकं भणभणतं. मोनोत तोच बँड एकत्र, समोर उभा राहून वाजवतो.

स्टिरिओच्या पारड्यातही वजन आहे. 'हेल्टर स्केल्टर' मोनोत विरत जाऊन संपतं. स्टिरिओत ते विरतं, पुन्हा उसळतं आणि शेवटी बोटांना फोड आल्याची ड्रमर रिंगोची ती प्रसिद्ध आरोळी येते. ती मोनोत नाहीच. आणि 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू ज्याच्या जिवाभावाची आहे, त्याला नुसत्या मोनो संचावर भागवता येणार नाही.

मात्र स्टिरिओ संचातलं जवळपास सगळं संगीत डिसेंबर २०१५ पासून स्ट्रीमिंगवर आहे. तेव्हा त्यासाठी मोजलेले पैसे बरेचसे वस्तूचे आहेत: कव्हरं, पुस्तिका, कपाटातली ती काळी पेटी. वस्तू हातात घेऊन ऐकण्यातलं सुख मी कमी लेखत नाही, पण तुम्ही रोज फोनवरच ऐकणार असाल तर हा संच घेऊ नका. मोनो संच घ्या आणि 'ॲबी रोड' व 'लेट इट बी' सुटे घ्या.

आणखी एक गोष्ट, जी खरेदी करताना बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' या दोन अल्बमचं स्टिरिओ मिक्स बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९८६ मध्ये नव्याने केलं, आणि स्टिरिओ संचात तेच आहे. १९६५ चं मूळ स्टिरिओ मिक्स हवं असेल, तर ते मोनो संचात त्याच सीडींवर पुढे जोडलेलं मिळतं.

स्टुडिओतले कच्चे टेक आणि अर्धवट राहिलेल्या चाली ऐकायच्या असतील तर दोन्ही संच बाजूला ठेवा. त्या यांत नाहीत. त्यासाठी २०१७ च्या 'सार्जंट पेपर'पासून एकेका अल्बमचे जे मोठे संच निघाले, त्यांतला आपल्या सर्वांत आवडत्या अल्बमचा एकच निवडा. मी 'रिव्हॉल्व्हर'चा, २०२२ चा, निवडेन.