जाम झालेल्या नटासाठी घेतलेली हत्यारे : गोटी, ब्रेकर बार आणि रस्ट स्प्रे

गेल्या वर्षी चवथीच्या आधी बेळगावहून परतताना चोर्ला घाटात आमच्या अकरा वर्षे जुन्या मारुती गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले. गाडीसोबत मिळालेल्या एल पान्याने चारांपैकी तीन नट सुटले, पण चौथा जागचा हलेना. पान्यावर पाय देऊन जोर लावला तेव्हा पाना निसटला आणि नटाचे दोन कोपरे मारले गेले. मागून आलेल्या एका टेंपोचालकाने आपल्याजवळची जाड गोटी (नटावर चढवायचे पोकळ तोंड, म्हणजे सॉकेट) आणि लांब दांडा आणून तोच नट एका ओढीत सोडवला. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी म्हापशाच्या बाजारातून एकेक हत्यार घेतले आणि पुढचा एक पूर्ण पावसाळा ती वापरली. हा अभिप्राय त्या वापरावर आधारलेला आहे.

हत्यारांकडे वळण्यापूर्वी एक भेद सांगणे आवश्यक आहे, कारण तो न कळल्यामुळे माझे निम्मे पैसे वाया गेले. चाकाचा नट बहुधा गंजाने जाम होत नाही. टायरच्या दुकानात हवेच्या गनने तो प्रमाणाबाहेर आवळलेला असतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत चाकाचा नट ८५ न्यूटन-मीटरने (हे पिळाच्या जोराचे माप) आवळावा असे दिले आहे, आणि अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाची चांगली गन याच्या कितीतरी पट जोर सहज लावू शकते. सायलेन्सरच्या जोडावरचा नट मात्र खऱ्या अर्थाने गंजून धरलेला असतो. मांद्र्याला आमचे घर समुद्राजवळ आहे, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खारे वारे बारा महिने वाहतात, आणि सायलेन्सर रोज तापून निवत असल्याने तेथला गंज झपाट्याने वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांच्या (नट-बोल्टच्या पेचांच्या) फटीत तो पाचरीसारखा दाटून बसतो. पहिल्या नटाला लांब दांडा पुरतो. दुसऱ्याला तोच दांडा लावला तर नट सुटण्याऐवजी स्टडच, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्टच, तुटतो.

सर्वांत उपयोगी ठरली ती १९ मिलिमीटरची, अर्ध्या इंचाच्या चौकोनी खाचेची, सहा कोनी गोटी. बाजारात मिळणाऱ्या गोटी सेटमध्ये बऱ्याचदा बारा कोनी गोट्या असतात. त्या नटावर पटकन बसतात, पण नटाला फक्त कोपऱ्यांवर धरतात; जोर वाढला की कोपरे दबतात आणि नट गोल होतो. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर जोर वाटून देते, म्हणून अर्धवट मारला गेलेला नटही तिच्यात पकडला जातो. दुकानात गोटी घेताना मी आता तिचे तोंडही निरखून पाहतो. काही स्वस्त गोट्यांच्या तोंडाशी आतून मोठा उतार दिलेला असतो, त्यामुळे पातळ नटाला प्रत्यक्ष पकड अगदी थोडी मिळते. मी घेतलेली गोटी काळ्या रंगाची, जाड भिंतीची, गनवर चालणारी आहे. हाताने वापरतानाही ती भक्कम वाटते आणि वर्षभरात तिच्या कडा जराही झिजलेल्या नाहीत. चकचकीत क्रोम दिलेली हाताची गोटी गनवर मात्र लावू नये, कारण ती फुटून तुकडा उडू शकतो. ह्युंदाई गाडी असलेल्यांना बहुधा २१ मिलिमीटरची गोटी लागेल.

दुसरे हत्यार म्हणजे २४ इंची ब्रेकर बार. यात रॅचेटचे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या पान्याचे, दाते नसतात. केवळ एक जाड दांडा आणि टोकाला हलणारे चौकोनी डोके असते. साठ किलो वजनाची व्यक्ती २५ सेंटिमीटरच्या एल पान्यावर पूर्ण भार देते तेव्हा नटावर सुमारे १४७ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो; तीच व्यक्ती ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर सुमारे ३५३ न्यूटन-मीटरचा पीळ देते. त्यामुळे झटके द्यावे लागत नाहीत, संथपणे ओढले तरी काम होते, आणि पाना निसटण्याचा धोकाही घटतो. माझ्या पत्नीने घरासमोर चारही चाकांचे नट या दांड्याने एकटीने सोडवून पाहिले, आणि मला या खरेदीचे समाधान सर्वांत जास्त त्या दिवशी झाले. एकच उणीव म्हणजे तो लहान गाडीच्या डिकीत आडवा नीट बसत नाही. स्टेपनीच्या बाजूला जुन्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा लागतो. याच कामासाठी मी आधी रॅचेटला लोखंडी पाइप जोडला होता. तिसऱ्याच ओढीला आतले दाते तुटले आणि माझी बोटे बंपरवर आपटली. रॅचेट सुटलेला नट भराभर फिरवण्यासाठी असते. टॉर्क पानाही (ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाने, आवळण्याचा पाना) नट सोडवण्यासाठी वापरू नये, त्याचे माप बिघडते.

चार तोंडांचा प्लस पाना मी परत केला नाही, पण पुन्हा घेणारही नाही. दोन हातांनी सारखा जोर लावता येतो, ही त्याची जमेची बाजू खरी. मात्र त्याची बाजू जेमतेम एल पान्याइतकीच लांब असते.

रस्ट स्प्रेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याच्याकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात. बहुतेक घरांत असतो तो डब्ल्यूडी-४०. हे मिश्रण १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो येथे पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले, आणि नावातील चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. हलक्या गंजावर ते चालते, आणि पावसाळ्यापूर्वी दारांच्या बिजागऱ्यांवर मी ते आवर्जून मारतो. जुन्या, दाट गंजासाठी मात्र आट्यांत खोल झिरपणारे वेगळे पेनेट्रेटिंग ऑइल लागते; त्याच कंपनीचेही असे स्वतंत्र उत्पादन आहे. कोणतेही तेल घेतले तरी ते मारून पाच मिनिटांत पाना लावण्यात अर्थ नाही. मी सायलेन्सरच्या जोडावरील १४ मिलिमीटरच्या दोन नटांवर आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, संध्याकाळी तेल मारले, नटाच्या बाजूंवर लहान हातोडीने हलके ठोके दिले, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तेल मारले आणि सकाळी काम केले. पहिला नट थोडा सोडवून परत आवळत, पुन्हा तेल देत, असा पुढे-मागे करत निघाला. चाकाच्या स्टडवर मात्र तेल मारू नये: ओल्या आट्यांवर ठरलेल्या टॉर्कने आवळलेला नट स्टडला अपेक्षेपेक्षा जास्त ताणतो, आणि उडालेले तेल ब्रेकवर गेले तर जिवावर बेतते.

दुसरा नट गंजून इतका बारीक झाला होता की १४ ची गोटी त्यावर सैल बसत होती. त्यावर १३ ची सहा कोनी गोटी ठोकून बसवली, तीही घसरली. मग आतून पीळदार दाते असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी घेतली. उलट फिरवताना तिचे दाते नटात अधिकाधिक रुततात, आणि नट निघाला. अर्थात तो नंतर वापरण्याजोगा राहत नाही. माझ्या मते पूर्ण एक्स्ट्रॅक्टर सेट घेण्याची घरगुती वापरासाठी गरज नाही, नेहमीच्या दोन-तीन मापांच्या गोट्या पुरे.

गॅसच्या बर्नरने नट तापवण्याचा उपायही प्रभावी आहे, पण तो मी घरी केला नाही आणि कोणी करावा असे मला वाटत नाही. दहा मिलिमीटरचे छिद्र ३०० अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.०३६ मिलिमीटरने रुंदावते, आणि गंजाची पकड तोडायला एवढे बरेचदा पुरते. परंतु सायलेन्सरच्या आसपास पेट्रोलची नळी, रबराचे हँगर आणि ब्रेकचे होज असतात, आणि ताज्या मारलेल्या तेलाला आग लागू शकते. हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

चाकाचे नट सोडवताना गाडी जमिनीवर टेकलेली असतानाच, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून आणि चाकांना दगड लावून पहिला पीळ द्यावा. जॅक त्यानंतर लावावा. बसवताना नट हाताने फिरवून घ्यावेत, गाडी खाली उतरवल्यावर समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासावेत. मी टायरच्या दुकानात आता शेवटचा पीळ गनने देऊ नका, माझा पाना वापरा, असे स्पष्ट सांगतो, आणि आजवर कोणी नकार दिलेला नाही.

घाटात कोपरे मारला गेलेला तो नट मी बदलला. सुटा नट म्हापशात सहज मिळाला, पण दुकानदाराने प्रथम दिलेला नट दोनच फेरे जाऊन अडकला. व्यास तोच १२ मिलिमीटर होता, आट्यांचे अंतर मात्र १.२५ ऐवजी १.५ होते. तो पान्याने रेटला असता तर स्टडचे आटे गेले असते.