नेझल पिलो मास्क: सात महिने वापरल्यानंतर

मार्चमध्ये घरीच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, केली. एएचआय ३४ आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा माझा श्वास थांबत होता किंवा फार उथळ होत होता. ३० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार, म्हणतात. माझं वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. सकाळी डोकं ठणकायचं, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा, ते सगळं आम्ही वयावर ढकलत होतो. पुरुष घोरला तर घरात त्याची चर्चा तरी होते, बाईच्या घोरण्याबद्दल बोलायचीही चोरी. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

उपचार म्हणून सीपॅप मशीन आलं, ते झोपेत नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देत राहतं. सुरुवातीला त्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क मिळाला होता. कुशीवर वळलं की तो उशीला अडकून सरकायचा, हवा डोळ्यांत जायची. तीन आठवड्यांनी नेझल पिलो घेतला. यात नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या सिलिकॉनच्या दोन मऊ टोप्या असतात, त्यांनाच पिलो म्हणतात, बाकी चेहरा मोकळा. रात्री चष्मा लावून वाचता येतं, हेच मला केवढं मोठं वाटलं.

तरी पहिले दहा दिवस हाल झाले. दुकानातल्या मुलाने नुसतं चेहऱ्याकडे बघून मीडियम पिलो लावून दिले होते. हवा फुसफुसत बाहेर यायची, मग मी पट्टा आवळायचे. आवळला की टोप्या दबून चपट्या व्हायच्या आणि लीक आणखी वाढायचं. नाकपुड्यांच्या कडा लाल होऊन सोलवटल्या. शेवटी क्लिनिकमधल्या टेक्निशियन ताईंनी मला कुशीवर झोपवलं, मशीन चालू केलं, स्मॉल पिलो लावले आणि पट्टा चांगलाच सैल केला. मग मास्क चेहऱ्यापासून जरासा ओढून हळूच सोडला. टोप्या हवेने फुगल्या आणि आपोआप जागेवर बसल्या. "टेकायला हवं, रुतायला नको," एवढंच त्या म्हणाल्या. पट्टा नेहमी झोपून, मशीन चालू ठेवूनच बसवायचा. बसून लावलेला मास्क आडवं झालं की वेगळा बसतो.

आता बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या डाव्या नाकपुडीत चमकी आहे, लग्नापासूनची. तिची फिरकी आतून पिलोच्या कडेला टोचायची आणि नेमकं तिथूनच हवा निसटायची. रोज रात्री काढून पाहिली, पण रोजच्या काढण्या-घालण्याने भोक दुखायला लागलं. मग सोनाराकडून दांडी आखूड करून घेतली आणि मागे चपटी, गुळगुळीत फिरकी बसवली. त्या रात्रीपासून डावीकडचं लीक बंद. केसांचंही तेच: अंबाडा घालून झोपलं की मागचा पट्टा वर चढतो, म्हणून सैल वेणी पुढे घेऊन झोपते. डोक्याला तेल लावायचं ते न्हायच्या आधी, रात्री नाही. तेलकट केसांवर पट्टा घसरतो. नाकाला कोरड पडली तर व्हॅसलीनऐवजी पाण्यात विरघळणारं जेल लावते, सिलिकॉन खराब होत नाही.

सवय लागायला संध्याकाळचा अर्धा तास उपयोगी पडला. मालिका बघताना मास्क लावून मशीन चालू ठेवायचे. तोंड उघडलं की हवा तिथून धो धो बाहेर येते, त्यामुळे ओठ मिटून राहणं आपोआप जमतं. रॅम्पमध्ये, म्हणजे प्रेशर हळूहळू वाढतं त्या सुरुवातीच्या वेळात, मशीन ४ च्या प्रेशरवर सुरू व्हायचं, तेव्हा उलट गुदमरल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी सुरुवात ६ वर केली. असं घुसमटत असेल तर सहन करत बसू नका, सांगा.

नाक चोंदलं की या मास्कचं काही चालत नाही. गणपतीत सर्दी झाली तेव्हा तोंडाने श्वास सुरू झाला आणि सकाळी घसा सुकून खरखरीत. सलाइनने नाक धुऊन आणि डॉक्टरांनी दिलेला स्प्रे मारून चार दिवसांनी पुन्हा लावला. नोव्हेंबरात इथे नाशिकला थंडी पडली तशी नळीत पाणी साठून गुळगुळायला लागलं. हवेला ओलावा देणारा मशीनचा ह्युमिडिफायर ५ वरून ३ वर आणला, नळीला कापडी कव्हर शिवलं, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं.

टोप्या रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुते, नाहीतर चेहऱ्याच्या तेलकटपणाने रात्री सरकतात. तरी साडेपाच महिन्यांत सिलिकॉन ढिलं पडलं, तो खर्च धरून चला.

आता मशीन एएचआय २ ते ३ दाखवतं आणि रोज साडेसहा तास मास्क राहतो. सकाळचं डोकं दुखणं गेलंय. परवा दुपारी मैत्रिणीकडे हळदीकुंकवाच्या तयारीला तीन तास बसले, एकदाही डोळा लागला नाही.