इलेक्ट्रिक राईस कुकर, नऊ महिन्यांनंतर: गरमच होईना तेव्हा काय निघालं

दिवाळीच्या आधी घेतला होता, १.८ लिटर, ७०० वॅट. जळगावला खोली करून राहतो, गॅस नाही, त्यामुळे भात, खिचडी, वरण सगळं यातच, भरीत आणि कळण्याची भाकरी गावाहून डबा आला तरच. पहिले पाच-सहा महिने तक्रारच नाही, बटण दाबायचं आणि आंघोळ करून येईस्तोवर भात तयार.

एप्रिलमध्ये कटकट सुरू झाली. भाताला पाऊण-पाऊण तास लागायला लागला, मला वाटलं गेला कुकर. शेजारचे काका वीज खात्यातून रिटायर झालेत, त्यांनी बोर्डात मीटर लावलं तर व्होल्टेज १७०! घरोघरी कूलर चालू, होणार काय दुसरं. १७० वर ही ७०० वॅटची प्लेट (भांड्याखालची तापणारी तबकडी) जेमतेम ३८० वॅट देते म्हणाले. पहाटे लावला की बरोबर शिजायचा, म्हणजे कुकरचा दोष नव्हता.

जूनमध्ये मात्र पूर्ण बंद, लाईटसुद्धा लागेना. त्याच बोर्डात मोबाईल चार्ज होत होता, वायर दुसरी लावून पाहिली, तरी ढिम्म. बिल हरवलेलं त्यामुळे वॉरंटी विसरा, सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्या पोराने न उघडताच सांगितलं, प्लेट गेली, बाराशे लागतील. बाराशे! परत घेऊन आलो.

काका म्हणाले, "प्लेट गेली का नाही ते आधी मोजू ना भो." प्लग काढून, उलटा करून खालचे स्क्रू काढले. प्लेट ७५ ओहम, म्हणजे ठणठणीत. त्याच्याजवळ पांढऱ्या नळीत एक बारीक थर्मल फ्यूज असतो, कुकर प्रमाणाबाहेर तापला की करंट तोडणारा, तो उडालेला. आणि का उडाला, तर प्लेटवर भाताचा एक दाणा जळून कोळसा होऊन चिकटलेला, नखाने निघेना. त्याच्यामुळे भांडं नीट टेकत नव्हतं, उष्णता भांड्यात जायच्या ऐवजी प्लेटच तापत राहिली. चूक माझीच हो, घाईत भांडं बाहेरून न पुसता ठेवायची सवय.

फ्यूज वीस रुपयांचा. जुन्यावर जेवढे अँपिअर आणि जेवढं तापमान छापलंय तेवढाच घ्या. मी सोल्डर करायला निघालो होतो, काका ओरडले, त्या गरमीनेच नवा उडेल म्हणून, मग क्रिंप करून, म्हणजे वायरीचं जोड पक्कडीने दाबून बसवला. काही लोक फ्यूज काढून डायरेक्ट वायर जोडतात, ते नका करू, आग लागेल कधीतरी.

आता महिना झाला, मस्त चाललाय. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो भांड्याच्या कोटिंगसाठी, तळाला आत्ताच सोलायला लागलंय आणि मी तर लाकडी उलथनंच वापरतो.